विटनूमची निळी धूळ: किती संपर्क, किती धोका

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा या तांबड्या मातीच्या, उष्ण आणि विरळ वस्तीच्या प्रदेशात हॅमर्स्ली डोंगररांगेच्या पायथ्याशी विटनूम नावाचे गाव होते. १९५० च्या दशकात ते त्या भागातले सर्वांत मोठे गाव गणले जाई. २००७ साली सरकारने त्याचे नाव अधिकृत नकाशावरून काढले, आणि २०२२ मध्ये गाव कायमचे बंद करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा संपर्क किती झाला म्हणजे मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग होण्याचा धोका किती, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे जगाला ज्या थोड्या ठिकाणांहून मिळाली, त्यांत विटनूमचे स्थान फार वरचे आहे. इथला तंतू जवळजवळ एकाच प्रकारचा होता, संपर्काचा काळ बहुतेकांच्या बाबतीत नेमका ठाऊक होता आणि माणसांचा माग पुढे कित्येक दशके काढला गेला. असा योग औद्योगिक आरोग्याच्या इतिहासात क्वचितच जुळून येतो.

विटनूमच्या घळीत सापडणारे खनिज क्रोसिडोलाइट, म्हणजे निळे ॲस्बेस्टॉस. लँग हॅनकॉक यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे खाणकामाला हात घातला. १९४३ मध्ये सीएसआर या साखर उद्योगातल्या बड्या कंपनीच्या ‘ऑस्ट्रेलियन ब्लू ॲस्बेस्टॉस’ या उपकंपनीने कारभार घेतला आणि डिसेंबर १९६६ मध्ये खाण बंद झाली. ती बंद झाली ती तोट्यामुळे. त्या निर्णयाचे कारण आजार हे नव्हते. या तेवीस वर्षांत सुमारे सात हजार माणसांनी तिथे काम केले. त्यांतले बरेच जण दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, युगोस्लाव्हिया आणि युरोपातील इतर देशांतून आलेले स्थलांतरित होते. काम जिकिरीचे, ऊन असह्य, खाणीतली कपार इतकी बुटकी की माणसाला ताठ उभे राहता येत नसे. त्यामुळे लोक टिकत नसत. निम्म्या कामगारांची संपूर्ण नोकरी चार महिने किंवा त्याहून कमी भरली. ही चार महिन्यांची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो.

खाणीतून काढलेला दगड गिरणीत भरडून त्यातून तंतू वेगळा केला जाई. या गिरणीत धूळ सर्वांत जास्त असे. तंतू काढून घेतल्यावर उरणाऱ्या भुग्यातही बारीक तंतू राहतच. हा निळसर राखाडी भुगा फुकट मिळणारा आणि भरपूर होता, आणि गावातल्या तांबड्या धुळीवर व पावसाळ्यातल्या चिखलावर तो चांगला बसतो, असे सगळ्यांच्या लक्षात आले होते. म्हणून तो रस्त्यांवर, पायवाटांवर, विमानतळाच्या धावपट्टीवर, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, घरांच्या परसात आणि शाळेच्या अंगणातही पसरला गेला. धूळ बसवायला आणलेली वस्तूच या गावातली सर्वांत घातक धूळ होती. मुले त्या ढिगांत वाळूत खेळावे तशी खेळत. १९६२ सालच्या एका छायाचित्रात गावच्या स्पर्धेत माणसे फावड्याने हाच भुगा पिंपांत भरताना दिसतात, आणि भोवती प्रेक्षकांची गर्दी आहे. ते चित्र पाहताना अंगावर काटा येतो. पण त्या गर्दीतल्या कोणालाही तसे वाटले नसणार, हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणाचा नीट अभ्यास होत नाही.

इशारे होते, पण ते कशाचे होते?

१९४८ मध्ये फ्लाइंग डॉक्टर, म्हणजे विमानाने दुर्गम भागात जाणारे डॉक्टर, म्हणून तिथे गेलेले एरिक सेंट यांनी खाणीतली धूळ पाहून राज्याच्या आरोग्य खात्याला लेखी कळवले होते की, इथे ॲस्बेस्टॉसिसचे असे पीक येईल की वैद्यकीय साहित्यात त्याला तोड सापडणार नाही. हेच डॉक्टर सेंट पुढे पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस खाण कामगारांची तपासणी करणारे सरकारी डॉक्टर जिम मॅकनल्टी यांनी व्यवस्थापनाला वारंवार सावध केले, आणि १९६२ मध्ये विटनूमच्या एका कामगाराला झालेल्या फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या दोन इशाऱ्यांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. डॉक्टर सेंट ॲस्बेस्टॉसिसविषयी बोलत होते. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुसाचा स्पंजासारखा भाग हळूहळू व्रणाच्या ऊतीने भरून ताठ होतो. त्यासाठी भरपूर धूळ बरीच वर्षे छातीत जावी लागते, आणि संपर्क एका मर्यादेखाली ठेवला तर हा आजार जवळजवळ टाळता येतो. मेसोथेलिओमा हा फुप्फुसावरणाचा किंवा उदरावरणाचा कर्करोग आहे. तो संपर्कानंतर बहुधा तीस ते चाळीस वर्षांनी उपटतो, छातीत पाणी साचणे, दम लागणे, न थांबणारी बारीक कळ अशा साध्या तक्रारींनी सुरू होतो, आणि निदान झाल्यावर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षापलीकडे जगत नाहीत. ज्यांचा ॲस्बेस्टॉसशी काहीच संबंध आलेला नाही अशा लोकांत तो दर दहा लाखांत वर्षाला सुमारे एक इतका दुर्मीळ आहे. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य केप प्रांतातून ३३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा निळे ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा यांचे नाते पक्के झाले. त्या रुग्णांतले बरेच जण खाणीत कधी गेलेलेच नव्हते. ते फक्त खाणीच्या आसपास राहिले होते. विटनूमची खाण त्यानंतरही सहा वर्षे चालू होती.

मोजमापाचा घोटाळा इथेच आहे. त्या काळी धुळीची जी मर्यादा प्रमाण मानली जाई ती १९३८ च्या एका अमेरिकी पाहणीतून आलेली होती: दर घनफुटात पन्नास लाख कण, म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे १७६ कण. ही मर्यादा ॲस्बेस्टॉसिस डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली होती. त्यात तंतू आणि साधा दगडी कण असा भेदही नव्हता. विटनूममध्ये कोनिमीटर नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्राने मोजमाप होई. हवेचा एक झटका ग्रीस लावलेल्या काचेवर मारायचा आणि काचेला चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, अशी ती रीत. गिरणीत कित्येकदा आकडा हजारावर गेला, आणि त्यापुढे कण एकमेकांवर इतके दाटलेले असत की मोजणेच थांबवावे लागे. म्हणजे जिथे धोका सर्वाधिक होता नेमक्या तिथेच यंत्राने हात टेकले होते. मर्यादा पाळली गेली नाही, हा ठपका खराच आहे. पण ती तंतोतंत पाळली असती तरी मेसोथेलिओमा टळला असता, असे समजण्याला आधार नाही. ती मर्यादा त्या आजारासाठी आखलेलीच नव्हती.

पातळीचा हिशेब नंतर कसा लावला

१९७० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील मायकेल हॉब्स, ब्रूस आर्मस्ट्राँग, निकोलस डी क्लर्क, बिल मस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या नोकरीच्या नोंदी मिळवून प्रत्येक कामगाराची यादी बांधायला घेतली. कोण, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कामावर होता, हे त्या नोंदींत होते. तो किती धूळ श्वासात घेत होता, हे अर्थातच नव्हते. ते ठरवण्यासाठी खाण बंद होण्याच्या वर्षी, १९६६ मध्ये झालेल्या एका पाहणीचा उपयोग झाला. त्या पाहणीत पाच मायक्रोमीटरपेक्षा लांब तंतू वेगळे मोजले होते. त्या आकड्यांना जुन्या कोनिमीटर नोंदींची जोड दिली, आणि खाणीचा अंतर्बाह्य परिचय असलेल्या जाणकारांकडून निरनिराळ्या कामांची धुळीनुसार उतरंड लावून घेतली. अशा रीतीने खाणीत साधारण २० आणि गिरणीत साधारण १०० तंतू प्रति मिलिलिटर असे अंदाज पुढे आले.

हे आकडे अंदाजाचे आहेत, हे विसरून चालणार नाही. पण त्यांचा आवाका समजून घेण्यासारखा आहे. मिलिलिटर म्हणजे एक चहाचा चमचाही नव्हे, त्याचा पाचवा भाग. एका घनमीटर हवेत दहा लाख मिलिलिटर असतात, आणि अंगमेहनतीच्या पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे हवेत दर मिलिलिटरला एकच तंतू असला तरी एका पाळीत एक कोटी तंतू नाकातोंडाशी येतात. गिरणीत ही संख्या शंभर कोटींच्या घरात जाते. त्यांतले बहुतेक नाकात आणि श्वासनलिकेत अडकतात, खाकरण्यातून बाहेर पडतात. जे खोल जातात त्यांचे काय होते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

धोक्याचा हिशेब करताना ‘तंतू-वर्ष’ हे एकक वापरतात: पातळी गुणिले कामाची वर्षे. खाणीत २० तंतूंच्या पातळीला चार महिने काम केलेल्या माणसाचा एकूण संपर्क साडेसहा तंतू-वर्षांच्या आसपास भरतो, तर गिरणीत तेवढाच काळ काढलेल्याचा तेहतीसच्या पुढे जातो. आज अमेरिकेत कामाच्या ठिकाणी दर मिलिलिटरला ०.१ तंतू ही कायदेशीर मर्यादा आहे. त्या मर्यादेला टेकून कोणी चाळीस वर्षे नोकरी केली तर त्याचा एकूण संपर्क ४ तंतू-वर्षे होईल. विटनूमच्या गिरणीतल्या कामगाराने तेवढे पंधरा दिवसांत श्वासात घेतले होते. ‘चारच महिने तर होतो’ या म्हणण्यात किती तथ्य आहे, हे यावरून कळते.

निकाल सावकाश समोर आला. २००० सालच्या अखेरपर्यंत या सात हजार कामगारांमध्ये मेसोथेलिओमाचे दोनशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. बहुतेक फुप्फुसावरणाचे होते, काही उदरावरणाचे. सर्व आजार आणि रहिवासी धरून विटनूमचे बळी दोन हजारांवर असल्याचे ऑस्ट्रेलियात सांगितले जाते.

गावात राहणाऱ्यांचे काय

मला या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग कामगारांचा वाटत नाही. तो रहिवाशांचा वाटतो. खाणीत कधीही काम न केलेले ४,६५९ रहिवासी अभ्यासात घेतले होते. त्यांत कामगारांच्या बायका होत्या, मुले होती, शिक्षक, दुकानदार असे इतर लोकही होते. नवीन गिरणी सुरू होईपर्यंत, म्हणजे १९५७ पर्यंत, गावातल्या हवेत दर मिलिलिटरला १ तंतू आणि नंतर खाण बंद होईपर्यंत ०.५ तंतू असा संपर्क धरण्यात आला. १९९३ च्या अखेरपर्यंत या लोकांत मेसोथेलिओमाचे २७ रुग्ण आढळले. साडेचार हजारांहून अधिक माणसे तीस वर्षे धरली तर सुमारे एक लाख चाळीस हजार मनुष्य-वर्षे होतात, आणि दहा लाखांत एक या सर्वसाधारण दराने एवढ्या गटात एकही रुग्ण अपेक्षित धरता येत नाही. ज्यांचा गावातला मुक्काम जास्त आणि संपर्काची पातळी वरची, त्यांच्यात रोगाचे प्रमाणही जास्त, अशी चढण या अभ्यासात स्पष्ट दिसली.

इथे कागदावरच्या आकड्याने फसगत होण्याचा संभव आहे. गिरणीतले १०० आणि गावातला १, म्हणजे धोका शंभरपट कमी, असे वरवर वाटते. पण कामगार आठवड्याला चाळीसेक तास गिरणीत असे, तर गावातली बाई आठवड्याचे १६८ तास त्याच हवेत असे. तिच्या एका वर्षाचे वजन कामाच्या हिशेबात चारपट भरते. शिवाय ती नवऱ्याचे निळसर झालेले कपडे झटकून धूत असे; त्या क्षणाची पातळी गावातल्या सरासरीत कुठेच उमटत नाही.

निळ्या तंतूचा स्वभाव

सगळे ॲस्बेस्टॉस सारखे नाही. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे क्रिसोटाइलचा तंतू वळणदार असतो आणि फुप्फुसात तुलनेने लवकर तुटतो, झिजतो. निळ्याचा तंतू सरळ, सुईसारखा, अतिशय बारीक आणि रासायनिकदृष्ट्या चिवट. शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळायला जातात, पण तो त्यांच्यापेक्षा लांब असल्याने अर्धवट गिळला जातो. पेशी तडफडते, दाह निर्माण करणारी रसायने सोडते, मरते आणि तंतू तसाच उरतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या झटापटीत आवरणाच्या पेशींच्या जनुकांना इजा होत जाते. विटनूमच्या कामगारांच्या छातीतले तंतू निम्मे होण्यासाठीच काही वर्षे लागतात, असा अंदाज पुढे काढण्यात आला.

हॉजसन आणि डार्न्टन या ब्रिटिश संशोधकांनी २००० साली विटनूमसह अनेक कामगार-गटांचे आकडे एकत्र तपासले. समान संपर्क धरला तर मेसोथेलिओमाचा धोका पांढऱ्यासाठी १, तपकिरी ॲमोसाइटसाठी १००, आणि निळ्यासाठी ५०० या प्रमाणात येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या अंदाजानुसार क्रोसिडोलाइटचा एकूण १ तंतू-वर्ष संपर्क झालेल्या एक लाख माणसांपैकी सुमारे ६५० जण मेसोथेलिओमाने दगावतील, आणि ०.१ तंतू-वर्ष संपर्क असेल तर सुमारे १००. संपर्क दसपट घटला, धोका मात्र साडेसहा पटच घटला. या आकड्यांभोवतीची अनिश्चितता मोठी आहे आणि पांढऱ्याच्या धोक्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण कर्करोगाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सर्वच प्रकारचे ॲस्बेस्टॉस मानवाला कर्करोगकारक म्हणून नोंदले आहे, तेव्हा ५०० ला १ या गुणोत्तराचा अर्थ ‘पांढरे निर्धोक’ असा कोणी लावू नये. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर प्रकारांतली ही दरी बरीच अरुंद आहे. धूम्रपानाने तो धोका कितीतरी वाढतो. मेसोथेलिओमावर मात्र विडी-सिगारेटचा परिणाम दिसत नाही.

आणखी एक घटक पातळीइतकाच, किंबहुना अधिक निर्णायक आहे, तो म्हणजे पहिल्या संपर्कापासून लोटलेला काळ. मेसोथेलिओमाचे प्रमाण या काळाच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताने वाढते. काळ दुप्पट झाला की प्रमाण आठ ते सोळा पट होते. म्हणून विशीत चार महिने गिरणीत घालवलेला तरुण आणि पन्नाशीत तेवढेच दिवस काढलेला माणूस, दोघांची तंतू-वर्षे सारखी असली तरी आयुष्यभराचा धोका सारखा राहत नाही. पहिल्याच्या वाट्याला तो घात चढायला पुरेशी वर्षे उरलेली असतात. विटनूम आणि इतर काही गटांचा एकत्र अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाची चढण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर मंदावलेली दिसली, आणि तंतू हळूहळू बाहेर पडत असावेत, हे त्याचे एक संभाव्य कारण. उदरावरणाच्या मेसोथेलिओमाचे प्रमाण मात्र साठ वर्षांपर्यंत वाढतच गेलेले आढळले.

नोंदींचा प्रश्न

आपल्याकडे पत्र्याच्या छपराखाली वाढलेल्या पुष्कळांना विटनूमची हकिगत वाचून धास्ती वाटेल. भारतातले सिमेंटचे पत्रे मुख्यतः पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे असतात आणि तंतू सिमेंटमध्ये बांधलेला असतो. धड असलेल्या पत्र्याखाली राहणे आणि विटनूमच्या शाळेच्या अंगणात खेळणे यांची बरोबरी करता येणार नाही. पत्रा करवतीने कापणारा, भोके पाडणारा, जुने छप्पर फोडून उतरवणारा मजूर आणि कारखान्यात पोती फोडून तंतू मिसळणारा कामगार यांची गोष्ट वेगळी आहे. या माणसांच्या श्वासाजवळची पातळी मोजली जाते का आणि त्यांची नावे कुठल्या वहीत आहेत का, हे विचारायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगाला प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवण्याचा आदेश दिला. विटनूमच्या मापाने पाहिले तर विसाव्या वर्षी लागून चार महिन्यांत सोडून गेलेल्या मजुराची नोंद त्याच्या साठीत नष्ट करायला मोकळीक मिळते, आणि उदरावरणाच्या मेसोथेलिओमाची चढण त्यानंतरही चालूच असते. कंत्राटदाराकडच्या, हजेरीपटावर फक्त नाव आणि अंगठा असलेल्या माणसाची तर नोंद मुळात सुरूच होत नाही. विटनूमच्या सात हजार कामगारांचा माग काढता आला तो कंपनीच्या कार्यालयात पडून राहिलेल्या नोकरीच्या नोंदींमुळे. त्या खाणीबरोबर जाळल्या गेल्या असत्या, तर चार महिन्यांच्या नोकरीचा आणि चाळीस वर्षांनंतरच्या छातीतल्या पाण्याचा संबंध जोडायला कागदाचा एक कपटाही उरला नसता.